बोगादीहून येणारे फोन

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता विसरलो आहे. लॉकडाऊनमधलं एक प्रकरण मात्र काही केल्या मनातून जात नाही. कायद्याच्या नजरेनं ते अगदीच किरकोळ होतं. अदखलपात्र गुन्हा, कलम १८२, म्हणजे सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास होईल असं करणं. एरवी अशा गुन्ह्यासाठी कोणी कागदही हातात घेत नाही.

मी तेव्हा म्हैसूरच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं शिंप्याचं, चार पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, यातच वाढलो. बोगादीचा नव्यानं वाढलेला भाग माझ्या हद्दीत येत होता.

दुसरी लाट होती. सकाळी दहापर्यंत दुकानं उघडी, नंतर सगळं बंद. ठाण्याच्या बाहेर मांडव घालून टेबल टाकलं होतं, समोर दोरी बांधली होती. तक्रारदारानं दोरीपलीकडून बोलायचं. स्टाफमधले तिघे आजारी होते आणि एक हेड कॉन्स्टेबल आठवड्यापूर्वीच गेला होता. त्याच्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. टेलिफोनवर एक तरुण महिला कॉन्स्टेबल होती. ती गरोदर होती, म्हणून तिला बंदोबस्ताला पाठवत नव्हतो.

तिनंच एके दिवशी सांगितलं, "सर, एक बाई रोज फोन करतात. नाव सांगत नाहीत. बोगादीतल्या अमुक क्रॉसच्या गल्लीत झाडाखाली पत्ते चाललेत म्हणतात."

जीप पाठवली. खरोखरच सहा जण पत्ते खेळत बसले होते. दोन दिवसांनी त्याच बाईंनी एका गच्चीवर साखरपुडा चालल्याचं कळवलं. तेही खरं निघालं. पोलिसाला बातमीदार असा अलगद मिळाला की तो सुखावतो. मी कॉन्स्टेबलला सांगितलं, "नाव विचारू नकोस, घाबरतील. बोलू दे."

बाई बोलत राहिल्या. तक्रार दोन वाक्यांची असायची, पण फोन दहा-दहा मिनिटं चालायचा. "ऊट आय्ता, मगळे?" असं विचारायच्या. जेवलीस का, मुली. कितवा महिना, पाय सुजतात का, नाचणीची आंबील घेतेस का. कॉन्स्टेबल हसून मला सांगायची. आम्हा दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

पुढे काम इतकं वाढलं की पत्त्यांच्या तक्रारीवर जीप पाठवणं मी बंद केलं. मग एका सकाळी फोन आला. त्याच गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या घरात म्हाताऱ्याला चार दिवस ताप आहे, खोकला आहे, घरचे लपवून ठेवताहेत. मी आरोग्य खात्याच्या पथकाला कळवलं आणि स्वतः बरोबर गेलो. स्टेशन डायरीत लिहिलं, 'खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून.'

म्हातारे बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. ताप बघितला तर नव्हता. खोकला होता.

"सार, हा वीस वर्षांचा दमा आहे," ते शांतपणे म्हणाले. "पंप दाखवू का?"

पथकाचं म्हणणं, लक्षण आहे, घरात लहान मुलं आहेत, तपासणीचा निकाल येईपर्यंत विलगीकरण केंद्रात ठेवावं लागेल. मला थांबवता आलं असतं. निदान डॉक्टरला फोन लावून विचारता आलं असतं. पण गल्लीतल्या दहा खिडक्या उघडल्या होत्या आणि माझी बातमी आजवर खोटी ठरली नव्हती. मी म्हणालो, "दोन दिवसांत परत सोडतो."

त्यांनी पंप खिशात टाकला, चप्पल बदलली आणि गाडीत बसले. नातीनं हात हलवला. त्यांनीही हलवला.

निकाल निगेटिव्ह आला, पण तो यायला पाच दिवस लागले. तोवर केंद्रातल्या गर्दीत त्यांना खराच संसर्ग झाला होता. बाराव्या दिवशी ते गेले. शव घरी आणू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा दोरीपलीकडे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "माझ्या वडिलांना ताप होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? एवढंच हवंय."

त्याचा संशय समोरच्या घरावर होता. पावसाच्या पाण्याच्या नाल्यावरून दोन्ही घरांत वर्षभर भांडण चाललं होतं. मी समोरच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. मांडवात बसवून वेगवेगळं विचारलं. चौकशीची माझी पद्धत जुनीच, तोच प्रश्न तीन वेळा आणि मध्ये बराच वेळ गप्प. माणूस चिडला. बायको रडत राहिली.

"नाल्याचं भांडण होतं, खरं," ती म्हणाली. "पण त्यांची सून बाळंत झाली तेव्हा डबा मीच देत होते, सार."

कॉन्स्टेबलनं मला बाजूला बोलावलं. "हा आवाज तो नाही, सर."

"फोनवर वेगळा वाटतो."

"नाही. मी त्यांच्याशी रोज बोलत होते."

तरीही मी त्या बाईला आणखी तासभर बसवून ठेवलं. रस्त्यावरून जाणारे बघत होते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत त्या घराशी कोणी बोलेना. दारावर कोणीतरी शेण फेकलं. नंतर मी माफी मागायला गेलो तेव्हा तिनं दार उघडलं नाही. मी बंद दाराशीच काय ते बोललो आणि परतलो.

म्हातारे गेले त्या दिवसापासून निनावी फोनही थांबले होते. एसीपी साहेबांची परवानगी घेऊन ठाण्याच्या लँडलाइनवर आलेल्या कॉलचा तपशील मागवला. सगळे फोन एकाच मोबाइलवरून होते. नंबर लावला तर बंद. सिमकार्ड एका पुरुषाच्या नावावर होतं, पत्ता नंजनगूडच्या एका कारखान्याच्या क्वार्टर्सचा. दुसऱ्या एका हेड कॉन्स्टेबलला तिकडे पाठवलं. क्वार्टर्समध्ये दुसरंच कुटुंब राहत होतं. कारखान्याच्या ऑफिसात एक वयस्कर क्लार्क एकटाच बसला होता. त्यानं रजिस्टर काढून सांगितलं, हे फोरमन होते, तीन वर्षांपूर्वी वारले. बायको शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन बोगादीला राहते.

पत्ता त्याच क्रॉसचा निघाला. कोपऱ्यावरच्या घराच्या तिरकस समोर, पहिला मजला.

मी कॉन्स्टेबलला घेऊन गेलो. तिला नेऊ नये असं वाटत होतं, पण तीच म्हणाली, "मी येते, सर. आवाज मलाच ओळखता येईल." खालच्या मजल्याला कुलूप होतं, भाडेकरू पहिल्या लाटेतच गावी गेलेले. आम्ही जिना चढलो. बेल वाजायच्या आधीच दार उघडलं.

पासष्टीच्या बाई. इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. "बन्नी, बन्नी," म्हणाल्या, या, या. मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मराठीत आल्या, फक्त 'हो ना'च्या जागी कन्नड 'अल्वा' राहिलं. "आडनावावरून आपल्यातलेच दिसता, अल्वा? बसा. चहा टाकते."

"चहा नको, बाई. हा नंबर कोणाचा?"

त्यांनी कागद दूर धरून वाचला. "ह्यांचा."

"आता फोन कोण वापरतं?"

"मीच. ह्यांचा फोन चार्ज करून ठेवायची सवय आहे. आता बंद करून ठेवलाय."

"ठाण्यात फोन तुम्ही करत होता?"

त्या कॉन्स्टेबलकडे वळल्या. "तू ना ती? आठवा लागला असेल आता."

"लागला, अम्मा," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

मी पुन्हा विचारलं. आरोपी घाबरतात, खोटं बोलतात, वकिलाचं नाव घेतात. या बाईंच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. घरात माणसं आल्याचा आनंद होता, आणि तो बघवत नव्हता.

"पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पत्ते खेळत होते, मास्क नाही. तुमची जीप इथे खिडकीखाली थांबली. तासभर माणसांचा आवाज होता. मग दुसऱ्या दिवशी परत सगळं बंद. मुलगी पुण्याला. रविवारी फोन करते, मी सगळं ठीक आहे म्हणते. ती तिथून काय करणार?"

"म्हणून फोन करत राहिलात?"

"बेजारू होत होतं, सार."

मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला. म्हैसूरच्या बोलण्यात त्या शब्दात कंटाळा असतो, दुःख असतं, चीड असते, आणि कोणतं किती हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी तो शब्द हजार वेळा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

"त्यांना ताप नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्या खिडकीकडे बघू लागल्या. मी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

"त्यांचा खोकला जुना आहे," शेवटी म्हणाल्या. "रोज सकाळी ऐकू यायचा."

"मग?"

"पत्त्यांचं सांगितलं तर तुम्ही येईनात. ताप म्हटलं की येता करून वाटलं."

"त्यांच्यावर राग होता?"

"संध्याकाळी ते गच्चीवर जेवायचे. मुलगा, सून, नातवंडं, सगळे. हसायचे. मी इथे खिडकीत उभी. इतक्या दिवसांत कोणी एकदा मान वर करून बघितलं नाही. रागानं फोन केला नाही, सार. पण राग होता, खोटं कशाला सांगू."

मग त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "ते परत कधी येतील?"

खिडकीतून कोपऱ्यावरचं घर दिसत होतं. मुलगा अंगणात कपडे वाळत घालत होता. त्याचं भादरलेलं डोकं इथून स्पष्ट दिसत होतं. बाईंना ते दिवसभर दिसत असणार.

"ते गेले, बाई."

त्या खुर्चीत बसल्या. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पण विचारायचं कोणाला?"

जबाब लिहून वाचून दाखवला. जन्म शिकवण्यात गेलेला. त्यांनी त्यातल्या कन्नडच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मगच सही केली. कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. जिना उतरताना कॉन्स्टेबल म्हणाली, "सर, त्यांच्याशी रोज मीच बोलत होते." मी म्हणालो, तुझा काही दोष नाही. ते खरं होतं, पण तिला ते पटलं नसावं. तिनं टेलिफोनची ड्यूटी बदलून मागितली आणि मी दिली.

संध्याकाळी मुलाला बोलावून सगळं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं होतं कोणी वैरी असेल. वैरी असता तर बरं झालं असतं. ह्यांचं मी काय करू?"

समोरच्या घराचा यात काही हात नाही, हे गल्लीत सांगा, एवढीच विनंती मी केली. त्यानं ती पाळली. स्वतः रस्ता ओलांडून त्या घरी गेला. नालाही पुढे दोघांनी मिळून दुरुस्त केला, असं ऐकलं. या प्रकरणातून चांगलं असं तेवढंच निघालं.

कोर्टात फिर्यादी मीच होतो. तारीख लागेपर्यंत लॉकडाऊन उठला होता. मुलगी पुण्याहून आली होती. आईच्या शेजारी बसली होती, पण दोघी बोलत नव्हत्या. बाईंनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी वय आणि कबुली बघून कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं. त्या मागच्या बाकावर बसल्या. वकील, पक्षकार, पोलीस, माणसांची सारखी ये-जा चालली होती. त्यांनी कोणाकडेही बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या.

शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "फोन आल्यावर त्या माहितीची तुम्ही खातरजमा केली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा कागद घेतला. माझं उत्तर निकालात आलं नाही. कायद्यात त्यासाठी कलम नाही.

नोकरीभर मी बातमीदारांना एकच विचारत आलो, काय पाहिलंस. तो कोण आहे, रोज उठून आपल्याला का फोन करतो, हे विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही. माणूस फार दिवस एकटा पडला की तो बिचारा होतो, एवढंच आपण धरून चालतो. तो कडूही होतो. खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्याच्या सुखाचा हिशेब मांडत बसतो, आणि त्याच्या हातात फोन असतो. त्या बाई दुष्ट नव्हत्या. निर्दोषही नव्हत्या. आणि त्यांच्या खोट्या शब्दाला सरकारी गाडी जोडणारा माणूस मी होतो.

कोर्टातून ठाण्यात आलो तर टेबलावर निनावी तक्रारींच्या तीन चिठ्ठ्या होत्या. जीप काढायला सांगितली नाही. टोपी टेबलावर ठेवली आणि पहिल्या पत्त्यावर चालत गेलो.