वस्तादानं मोडलेली मान

वस्तादाला लाज कशाशी खातात हे तिशी उलटली तरी माहीत नव्हतं. त्याच्या आयुष्यात तिला यायला सवडच मिळाली नाही म्हणा ना. आणि मग आली ती एकदम गाठोडं-बोचकं घेऊन, मुक्कामालाच आली.

गावाकडे त्याचं कटिंगचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, बाहेर एक बाकडं. बाकड्यावर कटिंग करायची नसलेलीही माणसं दिवसभर बसलेली. केस काय, कुणीही कापतो. वस्तादाचं नाव झालं होतं ते कटिंगनंतरच्या कारभारामुळं. मानेवरचे केस ब्रशनं झाडले, की तो एक तळहात गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली द्यायचा, दुसरा टाळूवर ठेवायचा, "जरा सैल सोडा" म्हणायचा, आणि माणूस पावसापाण्याचं काही बोलत असतानाच एक झटका. काड्. मग दुसऱ्या अंगाला. काड्. माणूस उठायचा तो डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घेतल्यासारखा.

एकदा काय झालं, एक नवरदेव लग्नाच्या सकाळी दाढीला आला. वस्तादानं मान मोडली आणि गडी तिथंच घोरायला लागला. बाहेर वाजंत्रीवाले खोळंबलेले. नवरदेवाला उठवायला त्याचा मामा आत आला, तर वस्तादानं त्यालाही शेजारच्या खुर्चीत घेतलं. मग मामाला उठवायला काका आला. नवरीकडची माणसं शेवटी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. असा हात.

तर अशा या वस्तादाच्या बायकोला परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. ती नर्स. सगळा गाव तिला सिस्टरबाई म्हणायचा, नवरासुद्धा चारचौघांत तेच म्हणायचा. निघायच्या आधी बाकड्यावरच्या मंडळींनी त्याला सोडलं नाही.

"काय वस्ताद, बायकोचा पदर धरून चाललात म्हणे?"

"पदर धरून नाही, कात्री घेऊन चाललोय," वस्ताद म्हणाला. "डोकी सगळीकडं असतात. आणि केस सगळ्यांचेच वाढतात. टकले सोडून."

"आणि भाषा?"

"कात्रीला कुठं भाषा लागते?"

बोलणं सोपं असतं. तिकडं गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकी उघडायची ती हात बाहेर जाईल एवढीच, भिंतीतला गरम पाण्याचा पाइप पोटात गुरगुरल्यासारखा वाजायचा. सिस्टरबाई ड्यूटीला जायची. पोर, जिला सगळे भिंगरी म्हणत, शाळेत जायची. आणि वस्ताद कणीक मळायचा, फरशी पुसायचा आणि भिंगरीच्या बाहुल्यांचे केस कापायचा. बाहुल्या संपल्यावर तर भलताच जीव खाली-वर व्हायला लागला.

बायकोनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "हे बघा, तुम्हाला काम करायला परवानगी आहे. पण नोंदलेल्या दुकानात, करारावर. कुणाच्या मागच्या खोलीत लपून कात्री धरलीत आणि कळलं, तर तुमच्याबरोबर माझाही परवाना जाईल. मग आपण तिघंही बॅगा भरून परत."

"मी काय चोर आहे का?"

"चोर नाही. पण तुम्हाला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत."

सिस्टरबाईच्या वॉर्डात एक मोठी सिस्टर होती. तिची बहीण केस कापायचं दुकान चालवायची, चांगलं नोंदलेलं, रस्त्याला मोठी काच असलेलं. सिस्टरबाईनं आपल्या नवऱ्याचं एवढं कौतुक केलं, एवढं केलं, की मोठ्या सिस्टरनं बहिणीकडे शब्द टाकला. काम बघू, म्हणाली मालकीण. एक डोकं कापून दाखवा, पसंत पडलं तर करार.

त्या सकाळी सिस्टरबाईनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. भिंगरीनं त्याचे बूट पुसले, स्वतःच्या मोज्यानं.

मालकीण म्हणजे आखूड पांढऱ्या केसांची, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात घातलेली बाई. दुकानात बोलणं नाही, रेडिओ नाही, नुसता कात्र्यांचा किलबिलाट. तिनं खुर्चीत एका सडपातळ म्हाताऱ्याला बसवलं. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, कटिंग फुकट म्हणून परीक्षेला तयार झालेलं. वस्तादानं चादर बांधली आणि हात चालू झाला. काय कापले म्हणता. कानामागची वळणं अशी, की शेजारची पोरगी स्वतःचं काम सोडून बघायला आली. मालकिणीनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान डोलावली.

इथं थांबला असता तर गोष्टच झाली नसती.

वस्तादानं ब्रशनं मानेवरचे केस झाडले. आणि ब्रश खाली ठेवल्यावर इतकी वर्षं जे होत आलं तेच झालं. एक तळहात हनुवटीखाली गेला, दुसरा टाळूवर. "जरा सैल सोडा," असं तो मराठीत म्हणाला. आणि काड्.

दुसऱ्या अंगाचं राहिलंच. म्हातारा चादरीसकट उठला, एक हात मानेवर, दुसरा पुढं पसरलेला, समोरून येणारी गाडी थांबवावी तसा. मग हळूच जमिनीवर बसला आणि आरशाकडे बघत राहिला, आपलं डोकं जागेवर आहे ना याची खात्री करत असल्यासारखा. सगळ्या कात्र्या थांबल्या. कुणीतरी फोन लावला. हॉस्पिटलची गाडी आली, दोघा माणसांनी म्हाताऱ्याची चादर सोडून वस्तादाच्या हातात दिली, त्याच्या गळ्यात जाड पट्टा बांधला, स्ट्रेचरवर घेतला. वस्ताद भिंतीला चिकटून उभा. त्याला तिकडचे शब्द यायचे दोनच, सॉरी आणि थँक्यू. घाबरून त्यानं दोन्ही आळीपाळीनं म्हटले. म्हातारा दारातून बाहेर जाताना नेमकी थँक्यूची पाळी होती.

मालकीण ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या हातातली चादर काढून घेतली, घडी केली आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

घरी बायको वाटच बघत होती. "काय म्हणाल्या?"

"कळवते म्हणाल्या."

"हात बघितला ना त्यांनी तुमचा?"

"बघितला," वस्ताद म्हणाला. तेवढं एक खरं होतं.

नंतर तिनं पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. जेवताना कधी त्याच्याकडे बघत राहायची, पाण्याचा पेला पुढं सरकवायची, आणि गप्प. वस्तादाला वाटलं, विसरली. सुटलो. माणसाला लपवायचं असलं की समोरच्याच्या गप्प बसण्याचा तो कसा सोयीचा अर्थ लावतो बघा. पण तो दुकानाच्या रस्त्यानं जाणं टाळायला लागला. भिंगरीला शाळेत सोडायला लांबच्या रस्त्यानं जायचा. ती म्हणायची, "बाबा, इकडून दूर पडतं." तो म्हणायचा, "चालणं चांगलं असतं."

अशात त्याला मामा भेटला. कुणाचा सख्खा मामा नव्हता, आपल्याकडच्या सगळ्यांचाच मामा. त्याचं किराणा दुकान, आणि मागं कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत गेलं की एक खोली, तिथं एक खुर्ची आणि आरसा.

"कागदबिगद?" वस्तादानं विचारलं.

"कागदावर काय केस कापायचेत का?" मामा म्हणाला. "दार लावून घ्यायचं, काम करायचं. आपलीच माणसं येतात. त्यांना तर मान मोडून देणारा हवाच आहे. इथं कुणी हात लावत नाही हो मानेला. बिचारे वर्षवर्ष आखडलेल्या मानेनं फिरतायत."

वस्तादाला बायकोचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण हाताला खाज सुटली होती आणि मनाला मलम हवं होतं. तो गेला. आणि खोटं कशाला सांगायचं, ती दुपार त्याची सोन्याची गेली. पहिल्याच्या मानेचा काड् आवाज झाला आणि तो माणूस डोळे मिटून "आई गं" म्हणाला, तेव्हा वस्तादाला गावच्या बाकड्याचा वासच आला म्हणा.

मग एक धिप्पाड गडी बसला. बोलका. हॉस्पिटलात स्ट्रेचर ओढायच्या कामाला होता. डाव्या बाजूचे केस उतरले तोवर त्यानं साहेबाच्या नकला करून दाखवल्या, आणि मग म्हणाला, "वस्ताद, मान मोडताय ते ठीक, पण बेतानं बरं का. मागं आमच्या हॉस्पिटलात एक म्हातारा आणला होता. कुणा येड्या कटिंगवाल्यानं न विचारता त्याची मान मोडली."

वस्तादाची कात्री हळू झाली. "मग? काय झालं त्याला?"

"कुठं काय. मानेचे फोटो काढले, एक रात्र ठेवून घेतला, सगळं ठीक. नुसता घाबरला होता. पण मजा ऐका. आपल्याकडची एक सिस्टरबाई आहे तिथं, शांत बाई. ती आली, आणि त्या म्हाताऱ्याच्या खाटेशी उभी राहून हात जोडून माफी मागायला लागली. एकदा नाही, परत परत. त्याला कळेना, आम्हाला कळेना. बाकीच्या नर्सा बघतायत. आता त्या बाईचा काय संबंध?"

वस्तादानं कात्री खाली ठेवली.

"झालं?" तो गडी म्हणाला आणि आरशात बघितलं. "अहो, उजवी बाजू?"

आयुष्यात वस्तादानं कुणाचं डोकं अर्धं सोडलं नव्हतं. वीज गेली तर कंदील लावून पुरं करायचा. त्या दिवशी तो अर्धं डोकं, मामा आणि कांद्याची पोती मागं टाकून रस्त्यावर आला. मामा दारातून म्हणत होता, "अहो, याचं आता मी काय करू?"

घरी सिस्टरबाई भिंगरीचे ओले केस पुसत होती. तिनं त्याच्या बाहीकडे बघितलं. बाहीवर बारीक काळे केस.

"कुठं गेला होतात?"

"मामाच्या मागच्या खोलीत."

"कात्री घेऊन?"

"हो."

तिनं टॉवेल पोरीच्या डोक्यावर तसाच सोडला. "माझा परवाना गेला असता."

"हो."

"हिची शाळा गेली असती."

वस्ताद बाहीवरचे केस झटकायला लागला. मग म्हणाला, "तुला त्या म्हाताऱ्याचं माहीत होतं."

"दुसऱ्या दिवशी ड्यूटीला गेले, तर माझ्याच वॉर्डात होते ते. मोठ्या सिस्टरनं सगळ्या नर्सांसमोर विचारलं, मान मोडणारे ते तुझेच मिस्टर ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला माहीत असणं वेगळं, आणि तुम्ही सांगणं वेगळं." तिचा आवाज चढला नाही. "आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून रोज ताट वाढून बसायची मी. मान मोडलीत त्याची मला लाज नाही वाटली हो. चूक झाली, माफी मागितली. पण घरात माझ्यासमोर बसून भाजी चांगली झालीय म्हणायचात ना, त्याची वाटायची."

टॉवेलच्या आतून भिंगरी म्हणाली, "बाबांनी कुणाची मान मोडली?"

"तू गप्प," दोघंही म्हणाले.

वस्ताद त्या रात्री नीट जेवला नाही. लाजेचं असं असतं, ती घासाच्या आधी घशात बसते. आपल्यासाठी दुसऱ्या माणसानं हात जोडले, आणि आपण त्या वेळी लांबच्या रस्त्यानं फिरत होतो, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं येत राहिलं.

सकाळी तो जवळच्या रस्त्यानं गेला. भिंगरीला सोडलं आणि सरळ काचेच्या दुकानात शिरला. शब्द नव्हतेच. तो दाराशी उभा राहिला, हात जोडले, मग कोपऱ्यातला झाडू दाखवला आणि स्वतःकडे बोट केलं. मालकिणीनं बराच वेळ त्याला तसंच उभं ठेवलं. मग तिनं सिस्टरबाईला फोन लावला, आपलं म्हणणं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे धरला.

"त्या म्हणतायत, कटिंग चांगली होती," बायको सांगत होती. मागं वॉर्डातली घंटा वाजत होती. "डोकी धुवायला आणि केर काढायला त्यांना माणूस हवाय. करार मिळेल, सगळं नियमानं. कात्री इथली परीक्षा दिल्यावर. तोवर खुर्चीला हात लावायचा नाही."

"हो म्हण."

"आणि कुणाच्या मानेला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"हो म्हण."

"थांबा, त्या परत काहीतरी म्हणतायत. हं. विचारून हो म्हणाले तरी लावायचा नाही."

"हो म्हण बाई."

"आणि माझंही तेच म्हणणं आहे," सिस्टरबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

असा वस्ताद कामाला लागला, कायदेशीर, करारावर, हातात झाडू. दुसऱ्यांनी कापलेले केस गोळा करायचा. कुणी वाकडंतिकडं कापलेलं दिसलं की दात चावून झाडू मारायचा. भिंगरी शाळेतून येताना काचेला नाक लावून बघायची, तेव्हा तो पाठ करायचा, आणि पाठ केली म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटायची.

एका दुपारी दार उघडलं आणि तो म्हातारा आत आला. केस वाढले होते. वस्तादाला बघून त्याचे दोन्ही हात आपोआप मानेवर गेले. डोकं धुवायचं भांडं असं असतं, की माणसानं मागं रेलून मान त्याच्या काठावर टेकायची, उघडी, वर छताकडे बघत. आणि धुणारा एकटा वस्तादच. मालकिणीनं चष्मा चढवला. वस्तादानं दोन्ही तळवे उघडे करून म्हाताऱ्याला दाखवले. एक छोटा टॉवेल गुंडाळला, काठावर मऊ उशी करून ठेवली, आणि मागं सरून उभा राहिला.

म्हातारा विचार करत होता. मग बसला, रेलला, पण मानेवरचे हात काही काढेना.

मग काय, वस्तादानं त्या बोटांच्या भोवतीनं डोकं धुतलं. साबण बोटांवर ओघळला तर बोटंही धुतली, आणि एकेक करून पुसली. वस्तादाचे स्वतःचे कान तापून लाल झाले होते. म्हातारा नुसता छताकडे बघत राहिला, आणि उठला तेव्हाही हात मानेवरच.

त्या संध्याकाळी सिस्टरबाईचीच सकाळची भाजी गरम करून ताटं वाढलेली होती. तिनं चपला काढल्याही नव्हत्या, तोच वस्ताद म्हणाला, "आज म्हातारा आला होता."

ती एक पाय चपलेत ठेवून तिथंच दारात थांबली. "मग?"

त्यानं सगळं सांगितलं. टॉवेल, बोटं, कानांचा रंग, काही गाळलं नाही. भिंगरीकडे पाठ करतो तेही सांगितलं, तेव्हा मात्र आवाज खाली गेला. सांगून झालं तशी ती म्हणाली, "जेवायला बसा. सगळं गार झालंय."

ते गार झालं होतं खरं. पण भाजी चांगली झालीय, असं काही त्या दिवशी तो म्हणाला नाही. नुसता जेवला.