मेजरची पाटी

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तिथं तो स्वयंपाकी होता की सुभेदार, याची चौकशी कुणी करत नाही. ट्रंक घेऊन येरमाळ्याला बसमधून उतरला, की पानटपरीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे त्याला 'या मेजर' म्हणतात. त्यात खोटं बोलायचा हेतू नसतो. मान द्यायची ती रीतच आहे, आणि मान देताना आम्ही हात आखडत नाही.

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होते आणि नाईक म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीला ते प्रत्येकाला सांगायचे, "मेजर न्हाय, नाईक हाय म्या." लोक हसायचे. केवढा साधा माणूस, असं म्हणायचे आणि पुन्हा मेजरच म्हणायचे.

त्यांची एक खोड होती. कुणी 'मेजर' अशी हाक मारली, की ते आधी डावीकडे बघायचे आणि मग हाक मारणाऱ्याकडे. हाक उजवीकडून आली तरी आधी डावीकडेच. आम्ही भावंडं त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. मी 'ओ मेजर' म्हणायचे, भाऊ मान झटकन डावीकडे वळवायचा, आणि आई हसून हसून डोळे पुसायची. आप्पाही हसायचे. हे आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घराचं त्यांना वेड होतं. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आईचे हात संधिवातानं वाकडे झाल्यावर माझी वेणी आप्पा घालायचे. फौजी शिस्तीची वेणी, इतकी घट्ट की भुवया वर ताणल्या जायच्या आणि वर्गात मी दिवसभर चकित झाल्यासारखी दिसायचे. रविवारी ओसरीवर सगळ्यांच्या चपला-बूट ओळीनं मांडून पॉलिश करायचे, आईची रबरी चप्पलसुद्धा पुसून ठेवायचे. आईला भाकरी थापता येईना, तेव्हा परातीसमोर स्वतः मांडी घालून बसले. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. महिन्याभरात आईपेक्षा चांगल्या जमू लागल्या, पण हे आईपुढे बोलायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी उमगली नाही. सतरा वर्षं गाडी चालवलेल्या या माणसानं गावात आल्यावर स्टेअरिंगला हात लावला नाही. शाळेच्या गाडीवर बोलावणं आलं, गेले नाहीत. काकानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, ट्रॅक्टर घेतला, त्यावरही बसले नाहीत. "डोळ्याला कमी दिसतंय," म्हणायचे, आणि त्याच डोळ्यांनी सुईत दोरा ओवून आमची बटणं लावायचे.

मी शिक्षिका झाले. पहिल्या पगारातून बार्शीहून एक पाटी करून आणली. काळा दगड, सोनेरी अक्षरं, आप्पांचं नाव आणि त्याच्या आधी ठसठशीत 'मेजर'. मला माहीत होतं ते नाईक आहेत. पण गाव म्हणतं ते दगडावर लिहिलं तर बिघडलं कुठं, असं मला वाटलं. पाडव्याला गवंडी बोलावून दाराच्या चौकटीवर ती सिमेंटमध्ये पक्की बसवून घेतली. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग खांद्यावरच्या पंच्यानं पाटीवरची सिमेंटची धूळ पुसली आणि म्हणाले, "अक्षर झ्याक हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते परसदारानं ये-जा करू लागले. गोठ्यातून, न्हाणीजवळच्या चिखलातून, वाकून. पुढचा उंबरा गुडघ्याला त्रास देतो, म्हणाले. आम्ही मान डोलावली. मागचा उंबरा पुढच्यापेक्षा वीतभर उंच होता, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. वीस वर्षं तो माणूस स्वतःच्या घरात मागच्या दारानं आला-गेला.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. काकानं पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं की हे फौजेतले मेजर आहेत, म्हणजे लोक नीट लक्ष देतील. झालं, मग सलाईन लावणारा मेजर म्हणतोय, फरशी पुसणारी मावशी मेजर म्हणतेय. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि दुपारचं जेवण परत पाठवलं.

मी मुळातच तापट. वैतागून म्हणाले, "आप्पा, लोक मानानं म्हणत्यात. तुम्हाला त्यात काय टोचतंय?"

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग नाकातली नळी सारखी करत म्हणाले, "मेजर येगळे व्हते, माय. म्या त्यांची गाडी चालवायचो."

"मग?"

"घाटात बर्फ पडला व्हता. सायेब म्हणले, थांब, चाकाला साखळ्या लावू. म्या म्हणलो, कशाला सायेब, जातंय की. ते म्हणले, बरं, चल मग." इथं त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं ओठाला लावलं. "वळणावर गाडी घसरली. म्या भाईर फेकलो गेलो. सायेब आत ऱ्हायले. गाडी खाली जाईस्तवर म्या बघत व्हतो."

चौकशी झाली होती. बर्फाचा दोष निघाला, यांचा नाही. 'जातंय की' हे शब्द ऐकणारा दुसरा माणूस दरीत होता, त्यामुळे ते कुठल्याच कागदावर आले नाहीत.

"सायेब माझ्या डाव्या अंगाला बसायचे," आप्पा म्हणाले. "अजून कुणी मेजर म्हणलं की म्या तिकडं बघतो. वाटतं, त्यांनाच हाक आली."

मला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे दारावरचा तो काळा दगड आला, सोनेरी अक्षरांचा.

"एवढं कर माय," ते म्हणाले. "मला घरी न्यायच्या आधी ती पाटी काढ. आन् तुझ्या आईला हे सांगू नगंस. ती मला लई चांगला समजती."

मी शब्द दिला. लगेच बाहेर जाऊन काकाला फोन केला. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून नुसतं सांगितलं, पाटी काढा. काका म्हणाला, "डोस्कं फिरलं का तुझं? त्या पाटीनं घराची इज्जत हाय." मी चिडून, आवाज चढवून बोलले. तो बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. दोन तासांत बसनं गावी जाऊन मी स्वतः ते काम करू शकले असते. उद्या बघू, असं मीच मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या.

रुग्णवाहिका दारात थांबली तेव्हा काका समोर उभा होता. त्यानं पाटी काढली तर नव्हतीच, उलट तेल लावून चमकवली होती आणि भाऊ घरी येतोय म्हणून तिला झेंडूचा हार घातला होता. त्याची तरी काय चूक? प्रेमच होतं ते. मी म्हणाले, मागच्या दारानं घेऊ. चौघांनी स्ट्रेचर गोठ्यापर्यंत नेऊन पाहिलं, ते वळेना. परत पुढं आलो. पाटीखालून आत जाताना आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं, बरे होऊन बसते झाले की काढू. ते बसते झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

अंघोळ घालून त्यांना अंगणात आणायच्या आधी मी गोठ्यातली पहार घेतली आणि स्टुलावर चढले. बायकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. काका ओरडत धावला, पण आईनं त्याचा हात धरला. का धरला ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता तीही गेली, म्हणून हे लिहिते आहे. पाटी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. चौकटीवर भगदाड पडलं आणि माझे केस सिमेंटनं पांढरे झाले. त्या भगदाडाखालून आप्पांना बाहेर आणलं.

अंगणात अख्खं गाव जमलं होतं. पोरांनी घोषणा सुरू केली, "मेजर अमर रहे." शंभर तोंडं होती, तिथं पहार कुठं घालणार? मी तांब्या घेऊन आप्पांच्या उशाशी बसले. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मेजरला पाणी पाज, बाई."

माझी मान आधी डावीकडे वळली. मग मी आप्पांच्या तोंडात पाणी घातलं.