मोठीचं करवतकाठी लुगडं

माझ्या कपाटात माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली लुगडीच जास्त आहेत, नवी पातळं कमी. लग्नकार्याला मी त्यातलंच एखादं नेसून जाते. बायका पदर चिमटीत धरून विचारतात, "कोणाचं हे?" मी सांगते, अमक्या गल्लीतल्या म्हातारीचं, तमक्या मास्तरांच्या सासूचं. मग हमखास कोणीतरी म्हणतंच, मेलेल्या बाईचं अंगावर घ्यायला भीती नाही वाटत? वाटते की. वाटत नसती तर कशाला नेसले असते? नुसत्या कापडासाठी बाजारात दुकानं काय कमी आहेत!

ही खोड माहेरची. माझं माहेर वडशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, वैनगंगेच्या बाजूला. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे जंगल. घरात बाबा, बाबांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, माझी माय आणि मी, एवढेच. बाबांची पहिली बायको मूल होण्याआधीच तापानं गेली होती. घरात तिला 'मोठी' म्हणत आणि माझ्या मायला 'धाकटी'. गावही धाकटीच म्हणायचं. लहानपणी कितीतरी दिवस मला वाटायचं, मोठी आतल्या खोलीत निजली आहे, म्हणून सगळे हळू बोलतात.

मायच्या गळ्यात काळ्या पोतीत चांदीचा एक टाक होता. नखाएवढा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. तीच मोठी. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीला असं गळ्यात वागवायचं, म्हणजे ती रुसत नाही, संसाराच्या आड येत नाही. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. पोळ्याला, दिवाळीला बाबांनी वडशाहून लुगडं आणलं की ते आधी पाटावर ठेवायचं, त्यावर टाक ठेवून हळदीकुंकू वाहायचं. "मोठीले नेसू दे पहिले," आत्या म्हणायची. दिवसभर लुगडं तिथंच असायचं. संध्याकाळी माय ते उचलायची आणि नेसायची. म्हणजे त्या घरात माझ्या मायनं एकदाही नवं लुगडं नेसलं नाही. दुकानातून कोरं यायचं, पण तिच्या अंगावर येईपर्यंत ते दुसऱ्या बाईचं होऊन गेलेलं असायचं.

एकदा बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, धुणं धुता धुता ती मला म्हणाली, "मले एक लुगडं पाह्यजे वं पोरी. साधंसुधं चालते. पण तिच्या अंगावरून उतरलेलं नाई." एवढंच म्हणाली आणि पुन्हा धुणं आपटू लागली. तिनं आयुष्यात मागितलेली मला आठवणारी ही एकच वस्तू.

मोठीची स्वतःची लुगडी धानाच्या ढोलीशेजारी एका लाकडी पेटीत होती. किल्ली आत्याच्या कमरेला. चैतात अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्याच उन्हात आत्या पेटी उघडायची, जुना कडुनिंबाचा पाला काढायची, नवा घालायची. बाजेवर एकेक कापड पसरलं जायचं. कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं, बाहीच्या टोकाला बारीक झालर. गर्द जांभळं इरकली. आणि मोठीच्या लग्नातलं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं, आमच्याच भागातल्या कोष्ट्यांनी विणलेलं, मधाच्या रंगाचं, काठाला लाल करवतीचे दात. माय त्या दिवशी अंगणात पाठ करून बसायची आणि मोहफुलं निवडत राहायची. मी मात्र बाजेला चिकटून असायची. हात लावला की आत्या हातावर चापट मारायची.

ते मिळत नव्हतं म्हणून मी गावभर इतरांची जुनी लुगडी मागत फिरायला लागले. आमच्याकडे जुनेराची वाकळ शिवतात. वाकळीत जायच्या आधी मला द्या, असं मी म्हाताऱ्यांना म्हणायची. त्या हसायच्या, पण द्यायच्या. माझ्या वयाच्या पोरींना वडशाच्या दुकानातली छापील पातळं हवी असायची आणि मी विरलेल्या लुगड्याचा कासोटा घालून अंगणात फिरायची. पोरी मला म्हातारी म्हणून चिडवायच्या. चिडवू देत. मला त्या कापडात कोणीतरी आधीच चालून गेल्याचं कळायचं. गुडघ्याशी विरलेलं असलं की बाई भात लावणीची, उजव्या खांद्याशी विरलेलं असलं की घागर वाहणारी. अंगाला काटा यायचा आणि तो मला आवडायचा.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. त्याच साली भादव्यात बाबा मला माहेरी घेऊन आले. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी जवळ आली होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाशिणीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात, लुगडं देतात. तेवढा वेळ ती सवाशीण म्हणजे गेलेली बाईच. आमच्याकडे दरसाल ठरलेली एक बाई यायची. त्या वर्षी नेमकं तिच्या घरी सुतक आलं. पावसानं नाले भरलेले, दुसऱ्या गावाहून कोणाला आणायची सोय नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सवाशीण घरातच तर हाय."

मायच्या हातातली परात तिथंच थांबली. "तिले नका बसवू," ती म्हणाली.

"काऊन? लेक का परकी हाय?"

माय परात घेऊन चुलीपुढे बसली. लुगडंही वडशाहून आणता आलं नव्हतं. तेव्हा मीच म्हटलं, "पेटीतलं करवतकाठी नेसू का?" इतक्या वर्षांची हौस अशी तोंडातून निघाली. आत्या रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं कमरेची किल्ली काढली. "तिचंच तिले," ती म्हणाली.

आत्यानं मला आतल्या खोलीत नेसवलं. पोलकं मला असं बसलं, जसं मापावर शिवलेलं. लुगड्याच्या निऱ्या घालायची गरजच पडली नाही. कापड इतकी वर्षं घडीत राहिलेलं, आपल्या जुन्या मोडीवर आपणच दुमडत गेलं. फक्त उंचीला ते माझ्या घोट्याच्या वर राहिलं. मोठी ठेंगणी असावी. कासोटा घट्ट होता, मला लहान पावलं टाकावी लागली, आणि ती पावलं माझी नव्हती. आत्या मागे सरकली, पदराकडे बघितलं आणि म्हणाली, "वैनी." मी हसले नाही. हसू येण्यासारखं तिथं काही नव्हतं.

बाबा तेवढ्यात बांधीवरून आले, पायाला चिखल. दारात उभे राहिले. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही, फक्त पायांकडे पाहिलं, ते लुगडं जिथं संपत होतं तिथं. मग ओल्या अंगानं तसेच मागे वळले आणि बैलांच्या कोठ्यात जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत.

आत्या विधवा, तिनं कुंकवाला हात लावायचा नाही. म्हणून सवाशिणीचे पाय धुणं, मळवट भरणं, ओटी भरणं, सगळं माझ्या मायकडे. मी पाटावर बसले. माय पाणी घेऊन आली, तसे मी पाय आत घेतले. "माय, तू नको धुवू."

"ती तुही माय नाई आता," आत्या उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "पाय पुढं घ्या."

मायनं माझे पाय धुतले, पुसले, हळदीकुंकू लावलं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा तिची बोटं गार होती. ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला. मग वाकली आणि कपाळ माझ्या पायावर टेकलं. टेकलं ते उचललंच नाही. तिच्या गळ्यातला टाक पुढे लोंबून माझ्या अंगठ्याला लागत होता.

"बाई," ती बोलू लागली. अगदी हळू नाही, मोठ्यानंही नाही. "इतके वर्सं तुमच्या अंगावरचं नेसून राह्यली मी. कधी तोंड उघडलं नाई. पोरगी झाली तेव्हा तिले आंघोळ घालून पहिले तुमच्यापुढं पाटावर ठेवली, मंग मी पाजली. लुगडं म्हणा, लेकरू म्हणा, पहिलं तुमचं. आता पोरगीच नेता का वो? घर ठेवा, सगळं ठेवा. माही पोरगी तेवढी मले वापस द्या."

मला पाटावर ठेवलं होतं हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. राग आला, कोणाचा ते कळेना. मला ते लुगडं फाडून टाकावंसं वाटलं. त्याच वेळी त्या घट्ट कासोट्याच्या आत कोणीतरी माझ्यासारखंच, माझ्यापेक्षाही जास्त, रडत होतं. हे मी आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे आणि अजूनही त्याला दुसरे शब्द सापडत नाहीत.

"माय," मी म्हटलं. आवाज मला ओळखू आला नाही. "ऊठ ना माय. घे तुही पोरगी."

उंबऱ्याबाहेर आत्यानं तोंडावर पदर घेतला. "मोठीनं धाकटीले माय म्हटलं," ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी मायला माय नाही म्हणणार तर काय म्हणणार? पण त्या पाटावर, त्या लुगड्यात बसून म्हटलं होतं. आत्याला ते समजावण्यात अर्थ नव्हता, आणि मी समजावलंही नाही.

त्याच साली दिवाळसणाला मी पुन्हा माहेरी होते. बाबांनी मायसाठी हिरवं सुती लुगडं आणलं, लाल काठाचं. मायनं सवयीनं पाट मांडला, गळ्यातला टाक काढायला हात वर नेला. आत्या वाती वळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोणाले दाखवून राह्यली? लेकीले? मोठीनं तुले माय म्हटलं ना. माय नेसते अन् लेक पाह्यते. नेस तू."

माय आत गेली आणि नेसून आली. खळीचं कडक लुगडं, चालताना करकर वाजायचं. त्या दिवशी ती विनाकारण विहिरीवर जाऊन आली, परत गेली, परत आली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "धाकटे, नवं दिसते वं?" "नवंच हाय," माय म्हणाली.

जाताना आत्यानं ती लाकडी पेटी माझ्या गाडीत ठेवली. आता ती तुझीच, म्हणाली. मी नको म्हटलं नाही, हेही खरं. माझा आजचा सगळा साठा त्या पेटीपासून सुरू झाला. पण त्यानंतर बाबा माझ्याशी बोलताना नेहमी माझ्या पायांकडे बघत राहिले, थेट शेवटपर्यंत. आणि मी माहेरी गेले की माय आधी माझ्या पदराची कड बोटांनी चाचपायची. मी बहुतेक जुनंच काहीतरी नेसलेली असायची. मग ती पाणी द्यायची, ताट वाढायची, काही कमी करायची नाही, पण हाताच्या अंतरावर उभी राहायची. मला वाटायचं, तिला माझ्या त्या छंदाची लाज वाटते.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा निरोप आला. घाईत हाताशी होतं ते साधं छापील पातळ नेसून मी निघाले. मी बाजेशी बसले तर तिनं डोळे न उघडता माझा पदर चाचपला.

"हे कोणाचं?"

"माहंच हाय, माय."

"कोणी नेसलं नाई ना पहिले?"

"नाई. मीच."

"मंग ये," ती म्हणाली आणि बाजेवर माझ्यासाठी जागा केली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिच्या कुशीत निजले.

तिचं ते हिरवं लुगडं माझ्या कपाटात आहे. बाकीची सगळी मी नेसते, करवतकाठीसुद्धा. हिरवं मात्र उन्हात घालते, पाला बदलते आणि घडी करून ठेवते. ते फक्त तिनं नेसलेलं आहे.