कोऱ्या कागदावरची ग्रीक ओळ

शिलालेख शिकवणाऱ्या गणपुलेबाईंच्या आमच्या वर्गातल्या आणखी तिघींकडे असे जाड, कोरे दिसणारे कागद आहेत. ते कोरे नाहीत. मी माझ्या कागदाचं जे केलं ते त्यांनी करू नये, म्हणून हे लिहावं लागतंय.

बाई तरुणपणी जॉर्डनमध्ये उत्खननावर गेल्या होत्या. तिथल्या पडक्या चर्चमधल्या शिलालेखांवर ओला कागद ब्रशने ठोकून त्यांनी ठसे घेतले आणि पुढे आम्हाला वाटले. लेण्यांत आम्ही शिकलो ते शाईचे ठसे. शाई नाही म्हणजे ठसा फसला, असा आमचा समज. आता बाई नव्वदीच्या, नजर गेलेली. मी लेकीकडे निघाले तेव्हा म्हणाल्या, "त्यावर काय लिहिलंय ते मी आहे तोवर कळव. आणि ज्याला वाचता येईल त्याला देऊन टाक."

मृणाल, माझी लेक, नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते. असे शिलालेख वाचणाऱ्या एक बाई तिने नायमेखनच्या विद्यापीठात शोधून काढल्या. गुंडाळून आणलेला कागद सरळ व्हावा म्हणून मी तो पंधरा दिवस गादीखाली ठेवला. साडीला चालतं, म्हटलं.

नायमेखनला जायला आधी ट्राम, मग अ‍ॅमस्टरडॅमच्या झाउद स्टेशनवरून थेट गाडी. दीड तास धरा. सकाळची गर्दी टळल्यावर निघालात तर सवलत मिळू शकते, आधी बघून ठेवा. उतरताना कार्ड टेकवायला विसरू नका, भुर्दंड पडतो. खाणं महाग, म्हणून मी दशम्या नेल्या. वाल नदीचा पूल आला तेव्हा मृणाल म्हणाली, "आई, नदी बघ ना, पिशवी काय बघतेस!"

विद्यापीठातल्या संशोधक बाई सायकलवरून उतरून थेट आमच्याकडे आल्या. कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हा कशाखाली दाबला होता?"

मी खरं सांगितलं. मृणालने कपाळाला हात लावला.

अक्षरं म्हणजे कागदाचे उंचवटेच. दाबले की गेले. संशोधक बाईंनी दिवा कडेने लावला, आणि त्या कोऱ्या कागदावर पाच ओळी उभ्या राहिल्या. दगडाला लागलेल्या बाजूने, उलट्या वाचायच्या. त्या हळूहळू वाचत गेल्या, मृणाल मराठीत सांगत गेली: हे हुतात्म्याचं स्थान पायापासून बांधलं, एकाच्या नवसापोटी, ज्याचं नाव देवाला ठाऊक आहे.

"नाव माझ्यामुळे गेलं?" मी विचारलं.

"नाही. त्याने कोरलंच नव्हतं. सहावी ओळ मात्र गेली. तिथे बहुधा साल होतं."

तिथूनच गणपुलेबाईंना फोन लावला.

"गादीखाली? एम.ए. कशाला केलंस गं?" मग म्हणाल्या, "नावाची ओळ परत वाच." मी तीनदा वाचली. "आपल्या लेण्यांत मूठभर दान देणारासुद्धा बापाचं नाव, गावाचं नाव कोरून जातो," त्या म्हणाल्या. "बरं झालं, हा भेटला."

पुण्याला परतून महिना झाला. साल गेलं त्याची टोचणी आहे. पण वेळेत पोचले, आणि एका परक्या बाईने आपली अख्खी दुपार दिली, याचे उपकार त्याहून मोठे आहेत.

तिथे दिलेल्या पावतीची नक्कल:

सुपूर्द: कागदी ठसा एक, बिनशाईचा, ग्रीक. मूळ ठसा काढणाऱ्या: सुमती गणपुले, पुणे. ओळी सहा, पाच वाचनीय, सहावी सपाट. कारण: गादी.