पदराने पुसलेली खुर्ची

समाजकार्याच्या एम.ए.च्या अर्जाला वस्तीत काम केल्याचा फोटो जोडायचा होता. काम कसलं, एका दुपारी जाऊन वह्या वाटल्या होत्या, एवढंच. फोटोच्या वेळी एका आजींनी घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणली, पदराने पुसली. "बसा ताई, उन्हातनं आलाय."

मी बसले. अगदी सहज बसले.

आज तो फोटो मोठा करून पाहिला. मी खुर्चीत, ऐसपैस. आजी मागे उभ्या, पदराचं धुळकट टोक अजून मुठीत. द्यायला म्हणून गेलेलं माणूस किती चटकन घेऊन बसतं!

अर्जात रकाना होता : वस्तीला तुम्ही काय दिलंत? सकाळीच मी दहा ओळी लिहिल्या होत्या. त्या पुसल्या. आजींबद्दल लिहावं म्हटलं, तर त्यांचं नावच मी विचारलेलं नव्हतं.