शेठजींनी टाकलेला रुमाल

आमच्या औषधवाल्या शेठजींनी शिंकेवर जेवढा जीव लावला, तेवढा जुन्नर तालुक्यात आजवर कुणी लावलेला नाही. घराणं मूळचं राजस्थानातलं. पण शेठजी बोलू लागले की वाटतं, हे आत्ताच शेतात पाण्याचं दारं मोडून आलेत. त्यांच्या मेडिकलमध्ये ॲलर्जीची गोळी मागितली की आधी शिकवणी मिळते, मग गोळी. एकदा डिंगोऱ्याचे एक पाहुणे बाजरीची मळणी करून तसेच आले होते. नाक गळतंय, डोळे लाल, त्यात एसटीची वेळ झालेली. शेठजी निवांत. "पावणं, आदी समजून घ्या. नाकात गेली धूळ, पण अंगाला वाटलं दरोडाच पडला! मग अंग हिस्टामीन नावाचं पाशिंजर सोडतं. ते नाकाडोळ्यातल्या शीटवर बसलं की शिंका, खाज, पाणी चालू. आपली गोळी त्याला मारत न्हाई. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसा ती शीटवर रुमाल टाकती. मंग पाशिंजर बसंल कुठं?"

"आन् झोप का येती हो?" पाहुणे एसटी विसरून गेले होते.

"जुन्या गोळ्या लई उत्साही, राव! त्या वर मेंदूत जाऊन डायवरच्या शीटवर बी रुमाल टाकत्यात. ही नवी सहसा तिकडं जात न्हाई. पण मळणीच्या आदी घ्यायची. पाशिंजर बसल्यावर रुमाल टाकून काय उपेग?"

गंमत म्हणजे खुद्द शेठजींनाच झेंडूचं वावडं. दसऱ्याला ते शिंकू लागले की समोरचा चहावाला मोठ्याने मोजतो. म्हणून त्यांच्या खांद्यावर टॉवेलएवढा रुमाल कायमचा. मुलाच्या लग्नात तोरणाखाली शिंकता शिंकता सगळे फेरे संपले आणि शेठजींनी पाहिली ती फक्त रुमालाची आतली बाजू. ही चुटपुट त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

यंदा लेकीचं लग्न निघालं. शाळेत शिकवायच्या सवयीने मी म्हटलं, "शेठजी, कापडी फुलं लावा की."

"गुरुजी, पोरीला झेंडू आवडतो," एवढंच बोलून त्यांनी निमगाव सावाच्या मळ्यातून टेम्पोभर झेंडू मागवला.

लग्नाच्या दिवशी शेठजींचा खांदा मोकळा दिसला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उठल्या उठल्या रुमाल टाकलाय, गुरुजी! उद्या सकाळपतुर शीट कुणाला गावत न्हाई." आणि खरंच, एक शिंक आली नाही. सगळे फेरे त्यांनी पापणी न लववता पाहिले. मोजायला सरसावून बसलेला चहावाला शेवटी कंटाळून पंगतीला गेला.

पाठवणीच्या वेळी लेक गळ्यात पडली, मग गाडी निघाली, आणि शेठजींच्या डोळ्यांना धार लागली. हात सवयीने खांद्यावर गेला. तिथे काहीच नव्हतं.

"झेंडू लई वाईट, गुरुजी," ते म्हणाले.

गोळीचा असर उद्या सकाळपर्यंत आहे, हे सकाळी त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी मी "हो ना" म्हणालो आणि माझा रुमाल त्यांच्यापुढे धरला.