निनावी पाहुण्याची परवानगी

पुण्यात आडनाव काढून घेण्याची एक रीत आहे. आधी "आपण कुठले?" मग "मूळचे?" आणि मग, अगदी सहज आठवल्यासारखं, "आडनाव काय म्हणालात?" तुम्ही तोवर काहीच म्हणालेले नसता.

त्या काळात मी हडपसरच्या एका छोट्या कंपनीत संस्थांच्या वेबसाइट बनवायचो. खराडीला काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या, आणि जुन्यातल्या जुन्या संस्थेलाही आपण इंटरनेटवर दिसलं पाहिजे असं वाटू लागलं होतं. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या चिटणिसांनी पहिल्याच भेटीत वरचे तिन्ही प्रश्न विचारले आणि आडनाव ऐकून "अच्छा" म्हणाले. आमचं घर बौद्ध. असलं "अच्छा" मला लहानपणापासून कळतं. पुढे त्यांनी मला कायम "कॉम्प्युटरवाले" अशीच हाक मारली.

मनाला टोचतं म्हणून आधीच सांगतो, माझा यात स्वार्थ होता. माझी भाची वर्ध्याहून पुण्यात शिकायला येणार होती. आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. वसतिगृहांना ती स्वतः फोन करत होती, आणि आडनाव सांगितलं की पलीकडून "जागा भरल्या" असं उत्तर येत होतं.

म्हणून रिकाम्या खोल्यांचं पान मी सगळ्यांना खुलं ठेवलं. सर्व्हरवर तशी सोय असते. जो नाव सांगत नाही, त्या पाहुण्यासाठी एक वेगळं खातं असतं. त्याला फक्त वाचायची परवानगी द्यायची, काही बदलायची किंवा पुसायची नाही. पान ज्या फोल्डरमध्ये असतं त्यावरही हीच परवानगी लावावी लागते, नाहीतर पाहुण्यासमोर नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट येऊन उभी राहते. मी दोन्हीकडे परवानगी दिली, आणि दोनदा तपासली.

चिटणिसांनी पान बघितलं.

"म्हणजे हे कोणीही बघणार?"

"हो. नुसतं बघणार."

"नाव न सांगता?"

"दुकानाची पाटी वाचायला नाव सांगावं लागत नाही."

"हे दुकान नाही. आधी आडनाव, मूळ गाव भरून घ्या. मग योग्य मुलींनाच खोल्या दिसू देत."

"सर्व्हरला योग्य-अयोग्य कळत नाही," मी म्हणालो. "कोणत्या आडनावाला दाखवायचं आणि कोणत्या नाही, ते एकेक करून सांगावं लागतं. आपण लिहून द्या, खाली सही करा. मी बसवतो."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "अहो, असं लिहायचं नसतं."

"नुसतं विचारायचं असतं?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता, कॉम्प्युटरवाले."

आमच्या मालकांच्या कानावर हे गेलं. "आपण वेबसाइट विकतो," ते म्हणाले, "समाजसुधारणा नाही. जाऊन माफी मागा." संस्थेने पैसे थांबवले तर माझ्यामुळे सगळ्यांचा पगार अडकेल, या विचाराने मी खरोखरच खजील झालो. मग त्या खजील होण्याचाच संताप आला. दारात, फोनवर, नुसत्या आवाजाच्या चढउतारातून ही माणसं जे वर्षानुवर्षं करत आली, तेच कागदावर उतरवायची त्यांना लाज वाटत होती, आणि माफी मी मागायची होती. मी मागितली नाही. चिटणिसांनी लिहून दिलं नाही. पान खुलं राहिलं.

भाचीने ते वर्ध्याच्या सायबर कॅफेत बघितलं. तीन खोल्या रिकाम्या. मला न विचारता तिने त्याची छापील प्रत काढली आणि पुण्याला येऊन ती थेट वसतिगृहात जाऊन बसली. मला फोन आला तो चिटणिसांचा.

"अहो, एक मुलगी कागद घेऊन बसली आहे. जागा नाही म्हटलं तर म्हणते, तुमचंच पान तीन खोल्या दाखवतंय. ते पान आत्ताच्या आत्ता बंद करा."

पान खरं आहे, तिला खोली द्या, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण तिला हाकलतील या भीतीने तोंडून निघून गेलं, "ती माझी भाची आहे."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "मग आधी नाही का सांगायचं? ओळखीतल्या माणसाला आम्ही कधी नाही म्हणतो का?"

खोली मिळाली. संध्याकाळी भाची घरी आली ती धुमसतच.

"मामा, तुम्ही मध्ये कशाला पडलात? मी उठणार नव्हते तिथून. त्यांना द्यावीच लागली असती."

"नसती दिली तर? तुझं वर्ष गेलं असतं."

"माझ्या शेजारी अजून एक मुलगी बसली होती. तोच कागद घेऊन. तुमचा फोन झाल्यावर तिला सांगितलं, जागा भरल्या."

पानावर अजून दोन खोल्या रिकाम्या होत्या. दुपारी तीनाचे दोन मीच केले होते.